दोन मशिनींची मैना आणि घराचा कागद

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न टाकतो. उत्तर लगेच देऊ नका. आधी आत ठेवा, चघळा!

आपली ऐपत किती, असं कोणी विचारलं, तर माणूस खरं का सांगत नाही? गरीब असला तर फुगवून सांगतो, श्रीमंत असला तर दाबून सांगतो! आता हे आमचे मृदंगाचे नागूअण्णा. मी वीस वर्षं विचारतोय, "अण्णा, वय किती?" वीस वर्षं उत्तर एकच – पंचावन्न!

हसा, हसा. पण प्रश्न तसाच आहे. खरं सांगितलं की नुकसान होतं का?

तर ऐका!

बार्शीत मैना खुटाळे नावाची बाई. वय बेचाळीस. शाळेचे गणवेश शिवायची. नवरा रामहरी डाळमिलमध्ये कामाला, पगार अकरा हजार. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली, आणि या एकोणीस वर्षांत घरं किती बदलली? नऊ! भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. दहाव्या महिन्यात मालकाची बायको नुसती दारावरून गेली तरी मैना भांडी पोत्यात भरायला काढायची!

यंदा मालकानं सरळच सांगितलं, "मैनाबाई, पोराचं लग्न ठरलंय. दिवाळीपर्यंत खोली रिकामी करा."

रामहरी म्हणाला, "बघू दुसरी."

मैनानं हातातला टेप गळ्यात टाकला आणि म्हणाली, "आता भाड्याची न्हाय बघायची. आता आपली बघायची."

"आपली? पैसं कुठायत?"

"चार लाख साठलेत. बाकीचं बँक देती. देती का न्हाय, ते जाऊन इचारते."

आणि गेली की हो! पायात साधी चप्पल, हातात कापडी पिशवी, थेट बँकेत. मान खाली नाही! लोक कर्ज मागायला जातात तेव्हा खांदे पाडून जातात. ही गेली ती कापड घ्यायला निघाल्यासारखी – दाखवा, काय काय आहे तुमच्याकडं!

तिथं घोलप मॅडम नावाच्या अधिकारी. त्यांनी समजावलं, "ताई, घर ठरवायच्या आधी आमच्याकडून तत्त्वतः मंजुरी घ्या."

आता ही तत्त्वतः मंजुरी म्हणजे काय? बँक म्हणते, तुम्ही सांगितलं ते खरं धरलं, तर एवढं कर्ज आम्ही देऊ. पैसे हातात नाहीत हं! म्हणजे साखरपुडा झाला, लग्न अजून व्हायचंय! पण कागद हातात आला की आपण केवढ्याचं घर बघायचं, ते कळतं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला पगाराची स्लिप नाही. म्हणून मी सोमवारी घरी येऊन तुमचं काम बघते. मग आकडा ठरवू."

इथं आला मंडळी, आपल्या गोष्टीत एजंट! नाव नाही सांगत. तुमच्या ओळखीचा निघायचा! तो संध्याकाळी खोलीवर आला, खोलीभर नजर फिरवली, म्हणाला, "वहिनी, मशिनी दोनच? दोन मशिनींवर कोण कर्ज देतं? शेजारून चार उसन्या आणा. चार बायका बसवा शिवायला. महिन्याला चाळीस हजार सांगा. सोळा लाखांचं घर आहे माझ्याकडं, पुढं अंगण, मागं नळ. सोमवारी चार तास नाटक करायचं, बास!"

रामहरीचे डोळे चमकले. दोष देऊ नका त्याला! नऊ घरांचं सामान स्वतःच्या पाठीवरून वाहिलेला माणूस तो. तो म्हणाला, "अगं, चार तासांचा तर प्रश्न हाय! कुणाचं काय चोरतोय का आपण?"

 अंगण मैनालाही दिसलं होतं. नळ तर फारच दिसला होता! पाण्याची घागर जिनं तीन जिने चढवलीय, तिला विचारा नळ म्हणजे काय ते. मन डगमगलं. का नाही डगमगणार? दगडाची आहे का ती?

मग तिनं एजंटाकडं बघितलं. "दादा, चार तासांनी मशिनी परत जाणार ना?"

"जाणार की."

"आणि हप्ता वीस वर्षं येणार ना?"

"येणार."

"मग तो कोण भरणार? त्या उसन्या मशिनी?"

वा! काय बोलली बाई! एजंट उठला, चहा अर्धा सोडून गेला. त्या एजंटाचं पुढं काय झालं विचाराल, तर काही नाही झालं! मजेत आहे. परवाच नवी गाडी घेतली त्यानं. आपण त्याची गोष्ट सांगत नाही, आपण मैनाची सांगतोय.

सोमवार उजाडला. घोलप मॅडम आल्या. दोन मशिनी, एक कपाट, कापडाचे गठ्ठे. मॅडम स्टुलावर बसल्या.

"महिन्याला किती मिळतात?"

"शाळा सुरू व्हायच्या टायमाला तीस हजारपर्यंत जातं. एरवी सात-आठ. गणपती झाल्यावर दोन महिने तर काहीच नसतं."

मॅडमचं पेन थांबलं. काहीच नसतं! असं बँकेच्या माणसापुढं कोण बोलतं हो? कोपऱ्यात रामहरीनं कपाळाला हात लावला.

"मग त्या दोन महिन्यांत हप्ता कसा भरणार?"

"जसं भाडं भरते तसं. हंगामात शिवलेलं हंगामातच खात न्हाय मी, मॅडम. दोन महिन्यांचं आधीच बाजूला ठेवते. एकोणीस वर्षांत भाडं थकलं न्हाय. माझ्यावर नका इश्वास ठेवू. मालकाला फोन लावा. हा घ्या नंबर."

अहो, घराबाहेर काढणाऱ्या मालकाचाच नंबर दिला! आणि मॅडमनी खरंच लावला. फोन मोठ्या आवाजावर. तिकडून मालक, "कोण, मैनाबाई? तारखेच्या आधी भाडं देती बाई! पोराचं लग्न आहे म्हणून, नाहीतर असला भाडेकरू सोडला नसता मी!"

मैनाचे डोळे भरले. एकोणीस वर्षांत हे कौतुक तिनं पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही फोनवर!

आठ दिवसांनी कागद आला. साडेनऊ लाख. तीन महिन्यांची मुदत.

रामहरीनं हिशेब केला. साडेनऊ आणि चार, साडेतेरा. त्यातून सरकारी खर्च आणि कागदपत्रं वजा. म्हणजे घर बघायचं साडेबाराच्या आतलं. "अंगण गेलं," तो म्हणाला. "नळ गेला."

मैना म्हणाली, "अंगण गेलं, पण साडेबारा लाखांची बाई झाले की मी! काल कोण होते?"

आणि मंडळी, तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ही फिरायला लागली. दुपारपर्यंत शिलाई, दुपारनंतर घरं. एक बघितलं, भिंतीला ओल. दुसरं बघितलं, भावाभावांत कोर्ट. तिसऱ्या मालकानं आकडा ऐकूनच दार लावलं. सतरा घरं बघितली! दोन महिने गेले. रामहरी म्हणाला, "राहू दे आता." ही म्हणाली, "अजून एक महिना हाय कागदाला."

अठरावं घर एसटी डेपोमागच्या गल्लीत. दोन खोल्या, बाहेरून गिलावा नाही. मालकीण लीलाबाई आवटे, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. पुण्याला लेकीकडं जायचं होतं त्यांना. तोंडानं तिखट!

"सव्वातेरा. कमी होणार नाही. आणि आधीच सांगते, बोलायला सगळे येतात. एकानं पंधरा सांगितले, एकानं चौदा. दोघांनाही बँकेनं परत पाठवलं. माझं वर्ष गेलं त्यात!"

मैनानं पिशवीतून कागद काढून पुढं ठेवला. "माझ्याच्यानं साडेबारा होतील. साडेबाराच्या वर एक रुपया न्हाय. पण जे सांगते ते होईल."

लीलाबाईंनी चष्मा लावला. कागद वाचला. पुन्हा वाचला. म्हणाल्या, "इतक्या जणांनी आकडे टाकले माझ्या अंगावर. कागद दाखवणारी तू पहिली. चहा घेशील?"

ज्या घरात चहा विचारला, तिथं भाव उतरला, हे काय मी सांगायला पाहिजे?

पण थांबा! साखरपुडाच झालाय अजून. शेवटच्या मंजुरीआधी बँकेचा दुसरा माणूस न कळवता खोलीवर आला. दिवस कुठले? गणपती झाल्यानंतरचे! कामधंदा बंद. दारात उभं राहून विचारलं, "मशिनी किती?" "दोन." "आता काम चालू आहे?" "न्हाय." त्यानं घोलप मॅडमच्या कागदाशी एकेक ओळ ताडून पाहिली. सगळं जुळलं! सही केली आणि गेला. रामहरी दाराला टेकून उभा राहिला, म्हणाला, "मैना, त्या दिवशी मी चार मशिनी आणल्या असत्या तर?" ती म्हणाली, "आणल्या न्हाईस ना? मग उचल ते गठ्ठे."

दिवाळीच्या पाच दिवस आधी दोघं डेपोमागच्या घरात राहायला गेली. दहावं घर. अकरावं नाही!

आता मंडळी, मैनाला तिथं सुखात राहू द्या. तुमच्याकडं वळतो. सरसावून बसा!

तुम्हाला नसेल घ्यायचं घर. पण परवा लेकासाठी स्थळ बघायला गेलात, तेव्हा पगार किती सांगितलात? हो, तुम्हीच, खांबाजवळचे, खाली बघू नका! ती सून येणार घरात. तिला तुमचा सांगितलेला पगार नाही मिळणार, खरा मिळणार! सोयऱ्यांना चकवाल, गावाला चकवाल. पण जे सांगितलं ते रोज निभावायचं कोणाला? आपल्यालाच ना? मग निभेल तेवढंच सांगावं, आणि ताठ मानेनं सांगावं. कमी असणं ही लाज नाही, बाबांनो. त्या विठोबाकडं तर आपण सगळेच हात पसरून उभे आहोत, आणि तो कोणाची पावती मागत नाही. एकच विचारतो – तू जसा आहेस, तसा आलास का?

आलात का? मग टाळी वाजू द्या, नागूअण्णा, मृदंगावर थाप पडू द्या – आणि ज्याला जेवढा आवाज आहे, तेवढ्या आवाजात म्हणा – विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!