खुर्ची पुसायची कशानं?

...अहो, पुसायचंच आहे ना, मग फडकं काय वाईट? पण नाही. तुम्हाला सांगतो, एक खुर्ची पुसायची होती, माझी, प्रयोगशाळेतली, रेक्झिनची, जिच्यात इतकी वर्षं शिपाई म्हणून बसून बसून मी माझ्या मापाचा खड्डा पाडलाय, आणि तिच्यापायी दोन विद्वान सकाळपासून जेवायच्या सुट्टीपर्यंत भांडले...

भानगड अशी, की आमच्याकडे बाटल्यांत किरणं सोडणारं पाणी असतं. त्याचा थेंब सांडला तर ना दिसतो, ना वास येतो. म्हणून जागा कशानं तरी पुसायची, ते पुसणं यंत्रात घालायचं, आणि यंत्र टकटकलं की समजायचं, आहे काहीतरी. पुसून निघालं नाही तर खुर्ची किरणांच्या कचऱ्याच्या पिंपात, झाकण बंद, आणि मी आयुष्यभर उभा.

तर माझ्या खुर्चीवर थेंब पडल्याचा संशय आला, आणि सुरक्षेचे साहेब आले. सगळं चिमट्यानं धरतात म्हणून त्यांना चिमटासाहेब म्हणतात, म्हणजे मी म्हणतो, बाकीचे हसतात. त्यांनी कोरड्या कागदाची चकती फिरवली. यंत्र गप्प. सुटली होती हो खुर्ची! पण जीभ वळवळली माझी, काय करू... शास्त्रज्ञ बाईंना म्हटलं, "बाई, कोरड्या कागदाला काय कळतंय?"

झालं. बाई तापल्या. "तेच म्हणते मी. साहेब, कोरडा कागद अर्धं मागे सोडतो. ओला कापूस घ्या."

"कापसाचे धागे सुटतात, बाई."

"सुटू देत."

ओला कापूस फिरला आणि यंत्र टकटकलं. साहेब म्हणाले, "पिंप आणा." मी म्हटलं, "साहेब, एका कापसाच्या बोलण्यावर फाशी देता?" आणि माझं जुनं बनियन पुढं केलं, की हे घ्या, याच्याइतकं कुणी उचलत नाही. साहेबांनी ते चिमट्यानं धरून खिडकीत नेऊन ठेवलं. म्हणजे बघा, पुसायचंच आहे ना, मग फडकं काय वाईट?

मग बाईंची फोमची चकती आली, ती म्हणे यंत्रातल्या मोजायच्या द्रवात विरघळते, धागा उरत नाही. टकटक कमी. "बघा, तुमचा फोम उचलतच नाही," साहेब. मग ओला कागद. आणखी कमी. "तुमचा कागद तरी कुठं उचलतोय," बाई. पुन्हा कापूस, पुन्हा फोम, मी आपला दोघांना वारा घालतोय... शेवटी यंत्र ठार गप्प. तेव्हा बाईच थबकल्या. म्हणाल्या, "साहेब, आपण तपासत नाही आहोत. आपण साफ करतोय."

वाचली माझी खुर्ची. मी टेकणार, तेवढ्यात साहेबांनी पहिल्यांदाच चिमटा खाली ठेवला आणि स्वतः टेकले. "वा," म्हणाले, "इतकी तपासलेली जागा इमारतीत दुसरी नाही. माझ्या खोलीत न्या."

मीच नेली. घरी सांगितलं तर बायको म्हणते, "बरं झालं, तोंड मिटायला शिकाल."

कुठलं शिकतोय. आता खड्डा माझा, बसतात साहेब, आणि रोज सकाळी ती पुसायचं काम माझ्याकडे. कशानं म्हणता? फडक्यानं.