भांडुपच्या गाळ्यातलं विमान

आमचा सुहास भांडुपला भाड्याच्या गाळ्यात विमान बनवतोय, हे सांगितलं होतं ना तुम्हाला? दोन सीटचं, छोटंसं. सांगाडा उभा आहे, पंख भिंतीला टेकवून ठेवलेत आणि इंजिनाचा अजून पत्ता नाही.

मी त्याला म्हणायचो, "दुसरी सीट काढ रे, वजन वाचेल."

तो म्हणायचा, "आईला मालवणला न्यायचंय यार."

कमरेच्या दुखण्याने काकूंचं गावाला जाणंच बंद झालंय.

परवा रविवारी तो त्यांना पहिल्यांदाच गाळ्यात घेऊन आला. आम्ही दोघांनी धरून त्यांना सीटवर बसवलं, सुहासने पट्टा बांधला. पुढच्या काचेतून गाळ्याचं शटर तेवढं दिसत होतं.

काकूंनी विचारलं, "ह्यां समुद्रावरसून जातला?"

"हो, किनाऱ्याकिनाऱ्याने."

"माझा म्हायार दिसात काय रे?"

"दिसेल ना तुझं माहेर. तिथे मी विमान जरा खाली घेईन."

काकूंनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने सुहास हळूच म्हणाला, "आई, कंबर धरेल. उतरूया आता?"

काकू डोळे न उघडताच म्हणाल्या, "थांब रे वायच. आत्ताच तर पोचलंय."