दाढीवाल्यांना बागबंदी

हॅलो?... कोण, नोरीन?... हो, हो, चहाच ठेवलाय, बोल... काय?... परत म्हण!... दाढीवाल्यांना बागेत बंदी?... अगं, शनिवारी त्याच बागेत आमच्या टेगनचं लग्न आहे! तुझी भाची ती! आणि तिला हाताला धरून नवऱ्यामुलापर्यंत नेणार कोण? आमचा दाढीवाला लेस्टर! बाप आहे तो तिचा! सख्ख्या बहिणीला फोन करून हे सांगतेस?

...मॅगपाय पक्षी?... माहितीय गं, घरट्यात पिल्लं असली की डोक्यावर झेप घेतात मेले. दरवर्षीचंच आहे. त्यात दाढीचा काय संबंध?... बारा जणांना टोचलं... बरं... त्यातले नऊ दाढीवाले... म्हणून पक्ष्यांचा दाढीवर राग?... हा शोध कुणाचा?... तुमच्या बागकमिटीतल्या बेरिलचा! तरीच. गेल्या वर्षी पाऊस पडेना, तेव्हा पोहण्याच्या तलावाला दोष देणारी तीच ना?

अगं ऐक ना... बागेत एकूण पुरुष येतात किती?... ऐंशी. त्यात दाढीवाले?... साठ! असणारच, जत्रेतल्या दाढीस्पर्धेसाठी अख्ख्या गावाने वाढवल्यात. पाद्रीबाबासुद्धा झुडपातून बोलल्यासारखे बोलतात... मग साठात नऊ, म्हणजे शंभरात किती?... पंधरा. शाब्बास. आता बिनदाढीचे किती?... वीस. टोचले तिघांना. शंभरात किती?... कर हिशेब, मी थांबते... हो, पंधराच!... पुन्हा करून काय बदलणार आहे?... दाढी असो नसो, चोच सारखीच! गावात दाढ्याच जास्त, म्हणून टोचलेल्यांतही दाढ्या जास्त. त्या बाराही जणांनी पँट घातली होती ना? मग पँटी काढायला लावा सगळ्यांना!... हसू नकोस, बेरिलला सांग. कमिटीची अध्यक्ष तू की ती?

...उठवलीस? नक्की?... बाई गं, जीव भांड्यात पडला. थांब, ह्याला सांगते. लेस्टर! अरे, ती बंदी उठ...

...

आहे, आहे मी फोनवर... अगं, हा बाथरूममधून आला... माझं पहिलंच वाक्य ऐकून गेला वाटतं... भादरली गं! सगळी!... लग्नापासून पहिल्यांदा हनुवटी बघतेय मी ह्याची... आहे गं, छोटीशी आहे... म्हणतोय, "दाढी काय, परत येईल. टेगनला एकटीने चालू देणार नाही"... नको गं हसूस... रडतोय तो... एरवीही रडत असेल, दाढीत दिसत नव्हतं इतकंच... नोरीन, नंतर बोलू. ठेवते.