मशीन गार हाय

मी मूळची मिरजगावची, दिली कर्जतला. माझ्या बापाचं, दादा म्हनायचो आमी त्यांना, रस्त्याकडंला रेडिओ दुरुस्तीचं दुकान हुतं, तर काय सांगू तुम्हाला, बाकीच्या पोरी भातुकली खेळायच्या आन मी दादांच्या मांडीशी बसून ते तारंला तापल्या कथलाचा डाख कसा देत्यात ते बघायची. भाऊ न्हवता मला, पन असता तरी दादांनी मलाच शिकवलं असतं, हे मी ठासून सांगते. लग्नात लोकांनी भांडी दिली, दादांनी सोताच्या हातानं जोडलेला अँप्लिफायर दिला, आमी त्याला मशीनच म्हनतो. सासरची मानसं लई हसली. हसू द्या म्हनलं.

सासरी पडवीत टेबल मांडलं, मिक्सर म्हनू नका, टीव्ही म्हनू नका, येईल ते दुरुस्त करायची. मालक टेम्पो चालवत्यात, त्यांनी कधी अडवलं न्हाई. सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हनते, त्यांना मात्र डाखाच्या धुराचा वास सोसायचा न्हाई, बाईमानसानं हे काय आरंभलंय म्हनायच्या.

मग आमी नवं घर बांधलं, वास्तुशांत ठरली, आन आत्याबाईंची एकच हौस, की चारी खोल्यांत अभंग ऐकू यावा, सयपाकात असलं तरी. म्हनून चार जोड्या आनल्या, आठ स्पीकर, मशीन दादांचंच.

मी आवतान द्यायला माहेरी गेल्ते. धाकटा दीर सोपान, त्याचा मांडवाचा आन भोंग्यांचा धंदा, त्यानं काय करावं, वैनी यायच्या आत करून टाकू म्हनून मांडवात भोंगे लटकवतो तसे सगळे स्पीकर एकाच वायरीवर ओळीनं लटकवले. आवो, भोंग्याच्या बुडात बारका ट्रान्सफॉर्मर असतो, म्हनून एका वायरीवर ढीगभर चालत्यात, घरातल्या स्पीकरला कुठला आलाय? लावून बघितलं तर अर्ध्या अभंगात मशीनमधनं धूर निघाला.

मी आले तर आत्याबाई दारातच. नव्या घरात धूर, तुझ्या बापाचं मशीन, तुझीच दुरुस्ती. आन म्हनल्या, वास्तुशांतीला परत धूर निघाला तर तुझं टेबल ह्या घरात यायचं न्हाई, जुन्या घराबरुबर जाऊ दे. सोपान खाली मान घालून उभा. राग आला मला, लई आला, पन मी सरळ मशीन उघडलं. आतले ट्रान्झिस्टर जळल्याले. दादांच्या डब्यातले शेवटचे हुते ते बसवले. आता परत जळलं तर घालायला काय न्हाई, आन टेबलबी गेलं.

सोपानला हाताखाली घेतला. म्हनलं, भावजी, तुमी शेतकऱ्याचं पोर, पाइपाचे चारी व्हाल एकदम मोकळे सोडले तर मोटरीवर लोड येतो का न्हाई? तो म्हनला व्हय, जळती. तसंच हाय हे. ओहम म्हनजे विजेला अडथळा, जेवढा कमी तेवढा मशीनवर लोड, आठ ओहमचे आठही स्पीकर एका वायरीवर शेजारी शेजारी जोडले की एकच ओहम ऱ्हातो, आन मशीनच्या मागं दादांनी सोता लिवलंय, चारच्या खाली न्यायचं न्हाई. मग पयल्या स्पीकरची काळी तार दुसऱ्याच्या लाल टोकाला, म्हनजे दोघं एकामागं एक, सोळा ओहम. अशा दोन जोडगोळ्या शेजारी शेजारी, परत आठ ओहम. मशीनची डावी बाजू निराळी, उजवी निराळी, दोन्हीकडं चार चार स्पीकर, दोघींच्या तारा एकमेकीला शिवू द्यायच्या न्हाईत. तारंचा एक केससुद्धा बाहेर ठिवला न्हाई, दोन्हीकडं फ्यूज घातला, आन मशीन बंद असतानाच मीटर लावला. साडेसहा दाखवलं. मीटर थोडं कमीच दाखवतो, बरुबर हुतं. तरी दुसऱ्यांदा मोजलं.

वास्तुशांतीला सगळं गाव लोटलं. बटन दाबलं आन चारी खोल्यांत एकदम टाळ वाजला. सोपान म्हनला, वैनी, आवाज जरा दबल्यागत वाटतो. मी म्हनलं, दबू द्या, जगतो तर हाय. सकाळपासनं पंगती उठंपतूर मशीन चालू. आन आत्याबाई, कुनाला दाखवायचं न्हाई म्हनून पदराआडनं, येता जाता मशीनवर तळहात ठिवून बघायच्या. मी मोजलं, पाच खेपा. शेवटच्या पंगतीला मी वाढत हुते, तर सगळ्या बायांसमोर मोठ्यानं म्हनल्या, गार हाय गं मशीन! आन तोच तळहात माझ्या डोक्यावर ठिवला. मी वरनाचं भांडं घेऊन उभीच. रडले. सांगायला काय लाज?

आता तुमी बसलाय ती पुढची खोली, रस्त्याकडची, ती आत्याबाईंनीच मला दिली, खिडकीपाशी, उजेड येतो म्हनून. सोपान कुनाच्या घरात स्पीकर लावायला गेला की आधी फोन करतो, वैनी, किती ओहम? दादा असते तर ह्या खुर्चीत बसवलं असतं त्यांना. डाखाचा धूर अजून होतो, आत्याबाई अजून खोकत्यात, पन दार लावून घे म्हनत न्हाईत, इथंच खाट टाकून पडत्यात. तुमचंबी भलं होवो, चहा घ्या, आन जाताना तेवढा हात ठिवून बघा मशीनवर, सकाळपासनं चालूच हाय.