आटे उलटे की सुलटे?

हत्यारं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई ड्रिल मशीनचा बिनचावीचा चक, म्हणजे पातं धरणारा जबडा, घेऊन उभ्या होत्या.

"यातला हा दांडा काही केल्या निघत नाहीये."

"आर्बर म्हणतात त्याला. पान्याने पिळलाय का कोणी?"

"आमच्या ह्यांनी. ते म्हणतात, आटे उलटे आहेत. भाऊजी म्हणतात, सुलटे. आठ दिवस झाले, दोघा भावांत अबोला आहे."

"अहो वहिनी, याला आटेच नसतात. नुसता घट्ट बसवलेला असतो. दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायच्या. हे बघा."

टक्.

"निघाला की! म्हणजे दोघंही चुकले?"

"दोघंही."

"मग तुम्हीच फोन करून सांगा त्यांना. मी सांगितलं, तर दोघं मिळून माझ्यावर तुटून पडतील."

"मग तुम्हीच सांगा. अबोला तरी सुटेल त्यांचा."