डावीकडून दुसरं नळकांडं

हॅलिफॅक्सच्या बसची रांग. माझ्यापुढे डोरीन आणि हिल्डा, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणी.

"हिल्डा, ऐक तर! एवढा वारा सुटलाय, तरी माझ्या शेकोटीचा धूर खोलीत येत नाही! आपोआप बरी झाली!"

"नशीबवान आहेस. धूर वर ओढायला मी मुद्दाम निवडून धुराड्यावर उंच नळकांडं बसवलं, तरी काल पडदे काळे!"

"कधी बसवलंस?"

"मंगळवारी."

"अगं, माझी मंगळवारपासूनच तर..."

"थांब! आपल्या सामाईक धुराड्याला चार तोंडं, दोन तुझी, दोन माझी. गवंड्याला मी परसातून सांगितलं, डावीकडून दुसरं."

"आणि तो चढला कुठून?"

"रस्त्याकडून!"

"अगंबाई! तिकडून डावं-उजवं उलटं, म्हणजे तुझं नळकांडं माझ्या शेकोटीवर! आता काढून नेशील?"

"छे! आजपासून संध्याकाळी मी तुझ्याच शेकोटीपाशी. आणि केक तू करायचास!"