सत्त्याहत्तरचं पान

भरताची वांगी भाजताना डोक्यात गणित घेऊन बसू नये, बाबा. दुसऱ्या दिवशी माझी गणिताची स्पर्धा होती आणि मी बोदवडच्या मळ्यात. एक ते शंभरपैकी किती संख्यांत सात येतो? एककात दहा, दशकात दहा, झाले वीस. पुस्तक म्हणतं एकोणीस. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या धुरात आकडे नुसते तरंगत होते.

दादा म्हणाला, "पानं मांड."

वहिनींच्या माहेरचे दहा, आमच्या घरचे दहा. केळीची वीस पानं मांडली. सगळे बसले, तरी एक पान रिकामं.

वहिनी म्हणाल्या, "मले दोन्हीकडं धरलं का भाऊ?"

मी त्या पानाकडे बघतच राहिलो. म्हटलं, "इथं सत्त्याहत्तर बसलाय, वहिनी. त्यालाही दोन्हीकडं धरलं होतं."

वहिनींनी शांतपणे विचारलं, "मग त्याले भरीत वाढू का?"